ऑपेराची ऑडिशन : तयारी कशी करायची आणि नंतर त्यातून काय घ्यायचं

सांजवेळ

मंडळी, मागे गाण्याच्या एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की ऑपेराच्या ऑडिशनला नेमकं काय करावं लागतं. तेव्हा हंगाम ऐन भरात होता, लिहायला फुरसत नव्हती. आता जरा उसंत मिळाली आहे, म्हणून वेगळा धागाच काढते.

माझ्याविषयी थोडक्यात. वाढले मुंबईत. शाळेत असताना विशारदच्या वाटेवर होते, कॉलेजात एका कॉयरमध्ये शिरले आणि तिथून जी भरकटले ती थेट अमेरिकेतल्या मास्टर्सपर्यंत. आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज, त्यातही लिरिक. म्हणजे फार वजनदार नाही, अगदी पिसासारखाही नाही.

इकडे ऑपेरा कंपन्या नवख्या गायकांसाठी 'यंग आर्टिस्ट प्रोग्रॅम' चालवतात. काही उन्हाळ्यापुरते, काही वर्षभराचे. शिकता शिकता छोट्या भूमिका करायच्या, कोरसमध्ये उभं राहायचं, मोठ्या गायिकेची भूमिका पाठ करून तिच्या आजारपणाची (मनातल्या मनात) वाट बघायची. या ऑडिशन्स बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतात, त्यातल्या पुष्कळशा न्यूयॉर्कला. आधी व्हिडिओ पाठवायचा, अर्जाची फी भरायची, बोलावणं आलंच तर स्वखर्चाने जायचं. सर्दीखोकल्याचा मोसम, विमानातली कोरडी हवा आणि वर्षभर घोटलेलं गाणं, सगळं एकदमच येतं.

यादी साधारण पाच गाण्यांची लागते. इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, आणि त्यात एक तरी मोत्सार्ट. पहिलं गाणं तुम्ही निवडता, दुसरं समोरचे निवडतात. सगळं आठ-दहा मिनिटांत आटोपतं. माझ्या यादीत सध्या मोत्सार्टच्या 'फिगारो'मधल्या सुझानाचं 'दे व्हिएनी, नोन तार्दार', त्याच्याच 'झाउबरफ्ल्योट'मधल्या पामिनाचं 'आख, इख फ्यूल्स', गुनोच्या ज्युलिएटचं वॉल्ट्झ, पुच्चिनीच्या म्युझेटाचं 'क्वांदो मेन वो' आणि इंग्रजीत कार्लाइल फ्लॉइडच्या 'सुझॅना'मधलं (१९५५) 'एन्ट इट अ प्रिटी नाइट' आहे. ही पाचही गाणी आज माझ्या गळ्यात आहेत. पाच वर्षांनी जी येतील असं वाटतं, ती यादीत नाहीत. पामिनाच्या शेजारी तोस्का, म्हणजे पुच्चिनीची वजनदार आवाजाची नायिका, लिहिली की समोरच्याला कळतच नाही की या मुलीला उभं कुठे करायचं.

मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट अशी की समोर बसलेली माणसं गुण द्यायला बसलेली नसतात. त्यांचा पुढचा मोसम ठरलेला असतो. त्यात 'फिगारो' असेल तर त्यांना सुझाना हवी असते, आणि ती निवडलेल्या काउंटच्या शेजारी उभी राहिल्यावर पटली पाहिजे. गेल्या वर्षीची सुझानाच परत येणार असेल तर तुम्ही गंधर्वासारखं गायलात तरी काम नाही. हे एकदा पचलं की तयारीचा रोख बदलतो. 'मी किती चांगली' हे दाखवण्याऐवजी 'ही बाई कोण आहे आणि आत्ता कुणाशी बोलते आहे' हे दाखवायचं असतं.

माझं पहिलं गाणं, 'दे व्हिएनी', घ्या. वरवर पाहिलं तर संथ, सोपं गाणं. लग्नाची रात्र, बाग, सुझाना म्हणते, ये प्रिया, उशीर करू नकोस. पण झाडीआड तिचा नवरा फिगारो लपून ऐकतोय. त्याला वाटतंय ही काउंटची, म्हणजे तिच्यावर डोळा असलेल्या धन्याची, वाट बघते आहे. आणि तो ऐकतोय हे तिला ठाऊक आहे! म्हणजे सुरुवातीला ती त्याला मुद्दाम जाळते आहे. मग गाता गाता ते खरंच त्याच्यासाठीचं गाणं होऊन जातं. ते कुठे होतं? कुठल्या शब्दावर? हे मी ठरवलेलं नसेल तर गाणं नुसतं गोड वाटतं, आणि गोड गाणाऱ्या सोप्रानो त्या दिवशी बाहेर रांगेने बसलेल्या असतात. त्यामुळे आधी शब्दन् शब्दाचा अर्थ स्वरांवर पेन्सिलीने लिहायचा, मग शब्द नुसते लयीत बोलायचे, आणि मग गायचं. फिगारोची झाडी मी परीक्षकांच्या डोक्याच्या जरा वर, मागच्या भिंतीवर धरते. त्यांच्या डोळ्यांत बघून गायलं तर ते बिचारे अवघडतात. त्यांना खाली बघून लिहायचं असतं.

आता 'नंतर'चं. नकाराच्या ईमेलमधून काही शिकायला मिळत नाही, मजकूर ठरलेला असतो. म्हणून मी वही ठेवते. बाहेर आल्या आल्या, कुणाला फोन करायच्या आधी लिहायचं: खोली कोरडी होती की घुमत होती, पियानोची लय कशी मिळाली, दुसरं गाणं कुठलं मागितलं, मध्येच थांबवलं का, श्वास कुठे कमी पडला. एकट्या नोंदीला काही अर्थ नसतो. पण हंगामाच्या अखेरीस वही चाळली तेव्हा दिसलं की वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांनी दुसरं गाणं म्हणून इंग्रजी मागितलं होतं. ज्युलिएट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त घाम गाळला, ती कुणी फारशी मागितलीच नाही. आता गुरूंशी बोलून यादी बदलते आहे. फ्रेंच गाणं दुसरं घेईन, आणि इंग्रजी कदाचित पहिलं.

विचारा काय विचारायचं ते.

मिसळसम्राट

म्हणजे थोडक्यात कांदेपोहे. मुलगी गाते, समोरचे बशीकडे बघतात, 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत.

सांजवेळ

@मिसळसम्राट, तंतोतंत. फक्त इथे पोह्यांचा खर्चही मुलीचाच.

उलटी_पानं

धागा बघून राहवलं नाही. मी त्या खोलीतला तिसरा पक्ष, म्हणजे पियानोवर बसणारा. मूळचा पुण्याचा, आता बरीच वर्षं इकडे गायकांबरोबर वाजवतो. ऑडिशनच्या दिवशी कंपनीने नेमलेला पियानिस्ट सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक गायकांना साथ देतो. रियाझ एकत्र झालेला नसतो, ओळखही नसते. तुमचं माझं नातं सुमारे वीस सेकंदांचं: तुम्ही गाण्यांच्या कागदांची फाइल ठेवता, लय सांगता आणि सुरू.

तर त्या फाइलविषयी कृपा करून ऐका. तीन कड्यांची फाइल, कागद पाठपोट छापलेले, म्हणजे पान पुस्तकासारखं उलटेल. चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पानं घालू नका. वरचा दिवा त्यात चमकतो आणि मला सुरांच्या जागी ट्यूबलाइट दिसते. झेरॉक्स काढताना खालची कड कापली जाते आणि डाव्या हाताची ओळच गायब होते. हे इतक्यांदा होतं की मी आता अंदाजाने मंद्रातले सूर लावतो. गाळलेला भाग असेल तर तिथे जाड रेघ मारा आणि पुढे कुठे उडी मारायची ते बाण काढून दाखवा. 'इथून तिथे जातो आपण' असं बोटाने दाखवलेलं मला दोन मिनिटांनी आठवत नाही. कुठे थांबणार, कुठे जास्तीचा श्वास घेणार, तेही पेन्सिलीने.

लय सांगताना चुटक्या वाजवू नका. एक तर ते उद्धट दिसतं, आणि दुसरं म्हणजे घाबरलेला माणूस चुटकी नेहमी जलद वाजवतो. पहिली ओळ माझ्या कानाशी हळूच गुणगुणा, शब्दांसकट. तुमच्या शब्दांत तुमची खरी लय असते.

आणखी एक. पियानोसाठी भयानक अवघड असलेली गाणी पहिली आणू नका. स्ट्राविन्स्कीच्या 'द रेक्स प्रोग्रेस'मधलं (१९५१) अॅनचं गाणं कुणी फाइलमधून काढलं की आम्हा पियानिस्टांच्या पोटात गोळा येतो. मी ते वाजवतो, पण दुपारी चार वाजता, कितव्यातरी गायकानंतर, अनोळखी पियानोवर? नुकसान तुमचं.

आता जरा वाद. सांजवेळ, 'दे व्हिएनी' पहिलं घेणं मला पटत नाही. फार सुंदर गाणं आहे, पण जेवणानंतरच्या सत्रात त्यावर माना डुलताना पाहिल्या आहेत, आणि त्या दाद म्हणून डुलत नव्हत्या.

सांजवेळ

@उलटी_पानं, हाहा, हे मान्य. पण माझ्या गुरू म्हणतात, पहिलं गाणं असं घे की सकाळी नऊ वाजता, अपुऱ्या झोपेवर, नाक चोंदलेलं असतानाही ते उभं राहील. ज्युलिएटने सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर श्वास संपला तर पुढची सगळी मिनिटं तो परत मिळवण्यात जातात. शिवाय तंत्र झाकायला 'दे व्हिएनी'त जागाच नाही. एक लांब ओळ सरळ धरता आली की ऐकणाऱ्याला बरंच काही कळतं.

उलटी_पानं

ऐकणारा जागा असेल तर. :) बरं, तडजोड म्हणून सांगतो: सकाळची वेळ मिळाली तर सुझाना, दुपारची मिळाली तर म्युझेटा.

काळी_पाच

मी हिंदुस्थानी गायकीतली, त्यामुळे प्रश्न भाबडे वाटले तर सोडून द्या. पहिला: पट्टी कोण ठरवतं? आम्ही तंबोरा आपल्या गळ्याला लावून घेतो. माझी पट्टी काळी पाच, ती माझ्या आयडीतच आहे. तुम्ही त्या पियानोवाल्याला 'अर्धा सूर खाली घ्या' असं सांगू शकता का? दुसरा: माइक नाही म्हणजे अगदीच नाही? आणि तिसरा प्रश्न नाही, तक्रार आहे. ऑपेरा गाणाऱ्या बायकांचे शब्दच कळत नाहीत हो. आमच्या नाट्यसंगीतात शब्द कळला नाही तर प्रेक्षक उठून जायचे.

सांजवेळ

@काळी_पाच, भाबडे कसले, हेच तर मुख्य प्रश्न आहेत.

पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली. ती बदलायची नाही. वाद्यवृंदाचे कागद त्याच स्वरात छापलेले असतात, सोबतचे गायक त्याच स्वरात असतात. परंपरेने चालत आलेले अपवाद आहेत. रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधलं 'उना वोचे पोको फा' मूळ खालच्या आवाजासाठी ई मेजरमध्ये आहे, पण सोप्रानो ते एफमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर, गात आल्या आहेत आणि कुणी भुवई उंचावत नाही. बाकी, गाणं आपल्या गळ्याला जुळत नसेल तर गाणं बदलायचं. ऑडिशनची निम्मी तयारी ही निवडच असते.

माइक नाही. पुढे साठ-सत्तर वाद्यं, मागे हजार-दोन हजार माणसं. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर तो उतरत जातो. कसलेले पुरुष गायक घशाची पोकळी अशी बसवतात की त्यांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक जास्तीची धार येते. तिथे वाद्यं पातळ असतात, म्हणून आवाज त्यांना कापून पार जातो. सोप्रानोची गोष्ट थोडी वेगळी. आम्ही वरच्या सुरात जातो तेव्हा तोंडाची पोकळी त्या सुराशी जुळवतो, म्हणून जबडा उघडत जातो. आणि तुमच्या तक्रारीचं कारणही तेच. त्या उंचीवर 'ई' आणि 'आ' यांतला फरक ओळखू यायला जे खालचे स्वरांश लागतात, ते सुराच्या खाली राहून जातात. बाई शब्द खात नाही, तिथे ते शिल्लकच नसतात. मधल्या सप्तकात मात्र शब्द कळलाच पाहिजे, तिथे सबब नाही.

परीक्षकही हे जाणून असतात. छोट्या खोलीत मोठ्याने ओरडणारा आवाज त्यांना फसवू शकत नाही. तिथे नवखे गायक हटकून ढकलून गातात, कारण कोरड्या खोलीत स्वतःचा आवाज परत येत नाही आणि वाटतं की पोचत नाहीये.

पर्वरीकर

नमस्कार. मी गोव्याचा, टेनर (पुरुषांचा उंच आवाज), सध्या जर्मनीत एका शहराच्या नाट्यगृहात कोरसमध्ये नोकरीला. आमच्याकडे जुन्या पिढीने चर्चला लागून असलेल्या शाळेत सोल्फेज (सुरांची नावं घेत गाणं वाचणं) आणि व्हायोलिन गिरवलेलं, त्यामुळे घरात स्टाफ नोटेशन हे बाराखडीसारखंच होतं. पुढे पणजीला कला अकादमीत शिकलो.

इकडची तऱ्हा जरा निराळी आहे, म्हणून लिहितो. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी, ऑपेरा करणारी ८०च्या वर थिएटरं आहेत. पुष्कळ ठिकाणी गायक पगारी नोकरीवर असतात, त्याला 'फेस्ट' म्हणतात. आज मोत्सार्ट, परवा ऑपरेटा (हलकाफुलका ऑपेरा), रविवारी मुलांसाठीचा खेळ. त्यामुळे 'फोरझिंगेन'ला, म्हणजे इथल्या ऑडिशनला, ते आवाजाबरोबर 'फाख' बघतात. फाख म्हणजे आवाजाची जात: सूब्रेट, लिरिक, ड्रामॅटिक वगैरे. अमुक फाख म्हणजे अमुक भूमिका, अशी वाटणी छापील पुस्तकांत दिलेली आहे. पहिला प्रश्न हमखास येतो: यातल्या कुठल्या भूमिका पूर्ण पाठ आहेत? गाणं नव्हे, भूमिका. सांजवेळने तोस्काचं जे लिहिलंय ते इकडे दसपटीने लागू.

खोली नसते, बहुतेक वेळा खरंच रंगमंचावर उभं करतात. समोर काळोख, मध्यावर एका टेबलावर दिवा. एक गाणं झालं की काळोखातून 'डांके', म्हणजे धन्यवाद, ऐकू येतं. त्या 'डांके'चा अर्थ लावत बसू नये. नोकरी मिळालेल्यांनाही तेवढंच म्हणतात.

कोरसच्या जागेसाठी कोरसचे प्रतिनिधीही ऐकायला बसतात आणि त्यांच्या मताला वजन असतं. तिथे चमकणारा आवाज उलट अडचणीचा होतो. शेजारच्याच्या आवाजात मिसळेल का, हे बघतात. मी सोलोच्या ऑडिशन्स करत होतो तेव्हा 'आवाज छान आहे, पण छोटा आहे' हे ऐकून कंटाळलो. कोरसच्या ऑडिशनला तोच छोटा आवाज कामी आला. महिन्याला पगार, आरोग्यविमा, आणि दर आठवड्याला स्टेजवर उभं राहणं. कमीपणा वाटायचं काही कारण नाही, असं मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे 'फक्त कोरस?' हा प्रश्न विचारतात.

एक व्यवहाराची गोष्ट: इथे सोलो गायकाचा करार पुढे चालवायचा नसेल तर ते ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. म्हणजे त्या तारखेनंतर कुठल्या थिएटरला कुठला आवाज लागणार हे उघड होतं, आणि एजंटांचे फोन वाजू लागतात. तयारी त्याआधी झालेली हवी.

देव बरें करूं.

चिकित्सक

सांजवेळ, एक अवघड प्रश्न. 'आम्हाला जुळणारी सुझाना हवी' यात रंगरूप किती असतं? सावळी सुझाना त्यांना 'जुळते' का? 'जुळत नाही' ही पळवाट नाही का?

सांजवेळ

@चिकित्सक, काही वेळा असते. एका ठिकाणी माझं मोत्सार्ट ऐकून झाल्यावर एकाने प्रेमाने विचारलं, 'तुम्ही लाक्मे का गात नाही?' लाक्मे म्हणजे दलिबच्या १८८३ सालच्या फ्रेंच ऑपेराची नायिका. नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची मुलगी, मालिका नावाची तिची दासी, आणि शेवटी ती धोत्र्याचं पान खाऊन मरते! (हो, धोतरा. फ्रेंचांनी अभ्यास केला होता.) पण तिचं ते घंटांचं गाणं पार वरच्या ई सुरापर्यंत जातं, ते कोलोराटुरा, म्हणजे उंच आणि भरभर तानांच्या, सोप्रानोचं काम. माझा गळा तो नाही, हे त्याला नुकतंच ऐकून कळायला हवं होतं. त्याने कानाऐवजी डोळ्यांनी ऐकलं. मी हसून म्हटलं, यादीत नाही, पामिना ऐकवू का? ऐकवली.

पण प्रत्येक नकारात तेच शोधत बसले तर मला गाता येणार नाही. वहीत मी असल्या प्रसंगांना वेगळं पान दिलं आहे. तंत्राच्या नोंदींत ते मिसळू देत नाही.

गंमत म्हणून सांगते, आपल्याला उलटा फायदा होणारा ऑपेराही आहे. फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा 'सत्याग्रह', १९८०चा, सगळा संस्कृतात, भगवद्गीतेतले श्लोक. तिथे बाकीचे 'धृतराष्ट्र'वर अडखळत असतील.

शब्दवेडा

उच्चारांचं विचारायचं होतं. इटालियन, फ्रेंच, जर्मन, तिन्ही मराठी जिभेला कितपत जमतात? की शाळेत शिकलेलं इंग्रजी आड येतं?

सांजवेळ

@शब्दवेडा, इटालियनमध्ये आपली चांदी आहे. त्यांचा त आणि द आपल्यासारखा दातांवरचा, प-त-क हवा न सोडता. अमेरिकन मुलं यावर महिने घालवतात. जोडाक्षरं तर आपली घरचीच: 'बाब्बिनो'मधला ब्ब त्यांना समजावून सांगावा लागतो, आपण डब्बा-अड्डा म्हणतच मोठे झालो. 'नोत्से'त आपल्या चाकातला च आहे, 'मेझो'त जाळ्यातला ज. फसतो तो व. आपला व ओठांवरून निसटतो. त्यांना वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले हवेत, नाहीतर 'व्हिएनी' मऊ ऐकू येतं. ए आणि ओ प्रत्येकी दोन आहेत, उघडा आणि मिटलेला, ते कान तयार झाल्याशिवाय सुटत नाहीत.

फ्रेंचमध्ये आपला अनुस्वार आडवा येतो. नाकातला स्वर म्हटल्यावर त्यामागे चोरून न् किंवा म् येतोच. माझ्या शिक्षिका तेवढ्यासाठी एका ओळीवर अर्धा तास थांबवतात. जर्मनमधल्या 'फ्यूल्स'चा स्वर देवनागरीत लिहिताच येत नाही. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे.

रश्मी_एडिसन

माझी मुलगी बारावीत आहे, न्यू जर्सीत. म्युझिक स्कूलला व्हॉइससाठी अर्ज करायचा म्हणते. तिला 'ओ मिओ बाब्बिनो कारो' फार आवडतं, यूट्यूबवर बघून बसवलंय. ते पाठवावं का? आणि तुमच्यातल्या कुणी न्यूयॉर्कच्या त्या मोठ्या मेट ऑपेराच्या स्पर्धेत भाग घेतलाय का? तिला तेही करायचंय.

सांजवेळ

@रश्मी_एडिसन, मेटची स्पर्धा १९५४पासून चालू आहे, हल्ली तिचं नाव लाफाँ स्पर्धा. वयाची अट २० ते ३०, म्हणजे तिला अजून वेळ आहे. टप्प्याटप्प्याने वर जायचं आणि शेवटची फेरी मेटच्याच रंगमंचावर, पूर्ण वाद्यवृंदासह. १९८८च्या एकाच वर्षीच्या विजेत्यांत रेने फ्लेमिंग, सुझन ग्रॅहम आणि बेन हेप्नर, पुढे जगभर गाजलेले तिघंही होते! पण घाई नको.

बारावीच्या मुलीकडून कॉलेजं ऑपेरातलं गाणं अपेक्षितच करत नाहीत. जुनी इटालियन गाणी ('कारो मिओ बेन' प्रकारची), एखादं इंग्रजी, जमल्यास एखादं सोपं जर्मन गीत. 'बाब्बिनो' दोन-अडीच मिनिटांचं आहे म्हणून सोपं वाटतं, पण पुच्चिनीला जो भरीव आवाज लागतो तो सतराव्या वर्षी ओढूनताणून आणावा लागतो, आणि ते ओढणं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तिला घरी खुशाल गाऊ द्या.

आधी व्हिडिओची चाळणी असते. एका दमात, कॅमेरा न हलवता, आवाजावर कसलेही संस्कार न करता. प्रत्येक कॉलेजाच्या अटी वेगळ्या, त्या शब्दशः पाळा. गाणं कराओके ट्रॅकवर नको, जिवंत पियानो हवा.

काळी_पाच

मुंबईत असं काही शिकायला, ऐकायला मिळतं का? उत्सुकता वाढली.

सांजवेळ

@काळी_पाच, ऐकायला नरिमन पॉइंटचं एनसीपीए. तिथे २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पुच्चिनीचे ऑपेराही झाले आहेत. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ला पुन्हा उघडलं, तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या मुळाच्या, लंडनला नाव काढलेल्या सोप्रानो. त्या इकडे येऊन मुलांना शिकवतही आल्या आहेत. माझ्या पिढीतल्या अनेकांना 'आपल्यातलंही कुणी हे करू शकतं' ते त्यांच्याकडे बघून कळलं.

मिसळसम्राट

धडधड होत नाही का? मी सोसायटीच्या गणपतीत 'सुखकर्ता' म्हणताना दुसरं कडवं विसरतो.

सांजवेळ

होते की. घालवता येत नाही, तिच्यासकट गायची सवय करता येते. मी घरच्या घरी जिना चढून-उतरून, धाप लागलेली असतानाच पहिली ओळ म्हणते. आणि मैत्रिणींना समोर बसवून खोट्या ऑडिशन्स घेते: दारातून आत येणं, नमस्कार, नाव आणि गाणं सांगणं, सगळं. त्यांना सांगून ठेवते की चेहरे कोरे ठेवा आणि मधेच मोबाइल बघा. काही जण धडधडीवर डॉक्टरांकडून बीटा ब्लॉकर घेतात, पण दमा असेल तर ते धोक्याचं आहे. मैत्रिणीने दिलेली गोळी घेऊ नका.

रश्मी_एडिसन

लेकीने सगळा धागा वाचला, बाब्बिनो रद्द! तिचा एक प्रश्न: पियानोवाल्याने लय चुकीची धरली तर काय करायचं? थांबायचं का?

उलटी_पानं

@रश्मी_एडिसन, तिला सांगा, थांबायचं नाही आणि माझ्याकडे डोळे वटारून तर मुळीच बघायचं नाही. परीक्षकांना तेवढंच लक्षात राहतं. हळू वाजतंय असं वाटलं तर श्वास आधी घ्यायचा आणि व्यंजन ठोक्याच्या किंचित पुढे टाकायचं. पियानिस्ट कान देऊन असेल तर एका ओळीत ओढला जातो. जलद वाजत असेल तर उलट, स्वर पूर्ण लांबीचे धरायचे, आम्हाला थांबावंच लागतं. अगदीच मोडलं, म्हणजे मी पान चुकलो किंवा दोघं दोन ओळींवर आहोत, तर शांतपणे 'पुन्हा सुरू करू का?' असं एकदा विचारायचं. एकदाच. आणि फाइलचा रंग काळा, बरं का. गुलाबी, चमकीवाली आणलेली मी पाहिली आहे, त्या चमकीचे कण संध्याकाळपर्यंत पियानोच्या पट्ट्यांवर होते.